शेऱ्याचा रकाना

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. चिकलठाण्याला फ्लॅट घेऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. सकाळी स्कूटी काढताना दिसलं की पांढरी टोपी घातलेला, खांद्याला खाकी पिशवी अडकवलेला एक म्हातारा माणूस फरशीच्या एका ठरावीक जागी पाय जुळवून उभा आहे आणि जाडजूड रजिस्टरमध्ये काहीतरी लिहितो आहे. मला वाटलं, विजेचं मीटर बघणारा असेल. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, ये हर महिने आते. ठैरते, लिखते, जाते. चाय पूछो तो नक्को बोलते."

"पण लिहितात काय?"

"वो मेरेकू क्या मालूम. पागल नहीं है, इत्ता मालूम."

पागल नसल्याची ही हमी मला पुढं बरीच वर्षं आठवत राहिली. कारण पंधरा दिवसांनी तोच माणूस माझ्यासमोर औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात बसला होता, आणि मला त्याच्याबरोबर काम करायचं होतं.

ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. भूगर्भातल्या पाण्याचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था तिथं होती. जिल्ह्यातल्या निवडक विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजायची, एवढंच त्यांचं काम. पण लागोपाठ दुष्काळ पडायला लागले तसा त्या आकड्यांना भाव आला. ते आकडे वेबसाइटवर नकाशात दिसावेत, प्रत्येक विहिरीचा एक ठिपका असावा, त्यावर बोट ठेवलं की आलेख उघडावा, आणि वरच्या कचेरीतल्या साहेबांना खुर्चीतून न उठता कुठं पाणी आहे नि कुठं नाही ते कळावं, असा डॅशबोर्ड बांधायला मला बोलावलं होतं. त्यावर बघून टँकर कुठं पाठवायचे ते ठरणार होतं.

संचालकांनी ओळख करून दिली. "हे मामा. सगळ्या विहिरी यांच्या ताब्यात."

मी म्हटलं, "मी पाहिलंय तुम्हाला. आमच्या पार्किंगमध्ये."

"तुमची पार्किंग नाय ती," मामा म्हणाले. "माझी विहीर हाय."

तिथं पूर्वी पायऱ्यांची विहीर होती म्हणे. बिल्डरनं ती मुरूम टाकून बुजवली. विहीर गेली, पण संस्थेच्या यादीतून तिचं नाव काढायचं राहून गेलं. "यादीत हाय तवर जावं लागतं," मामा म्हणाले. त्यांनी रजिस्टर उघडून ती ओळ मला दाखवली. तारीख. आकड्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. आणि शेवटच्या, सगळ्यांत रुंद रकान्यात, ज्याच्या डोक्यावर 'शेरा' असं लिहिलं होतं, तिथं बारीक अक्षरात: 'विहीर नाही. वर पार्किंग. एक नवीन बाई राहायला आली आहे. स्कूटी जोरात काढते.'

मामांच्या खिशात कायम खडू असायचे. शाळेतले, उरलेसुरले, बोटाच्या पेराएवढे. त्यामुळं खेड्यात सगळे त्यांना मास्तर समजत. विहिरीत सोडायची पोलादी टेप होती त्यांच्याकडे, टोकाला वजन बांधलेली. टेपचा खालचा हातभर भाग ते खडूनं पांढरा करायचे आणि टेप विहिरीत सोडायचे. वर ओढली की जिथपर्यंत खडू भिजून काळपट झालाय तिथपर्यंत पाणी. त्यावरून काठापासून पाणी किती खोल ते काढायचं. आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल, तितकी विहीर वाईट. मशीनं आली, विहिरीत सोडली की पीं पीं वाजणारी. मामांनी ती कपाटात ठेवून दिली. "पानी बोलत नाय तर मशीन कामून बोलती?" असं त्यांचं म्हणणं.

टेप सोडायच्या आधी ते विहिरीत वाकून "होऽ" अशी हाक मारायचे. परत येणाऱ्या आवाजावरून मनाशी एक आकडा धरायचे, आणि मग टेपनं खरा काढायचे. दोन्हींत फार फरक पडला की वैतागायचे, आणि तो राग टेपवर काढायचे. त्यांचा बाप मेंढरं राखायचा. चारशे मेंढरांतलं एक कमी असलं तर बापाला न मोजता कळायचं, हे ते अभिमानानं सांगत. विहिरींचंही त्यांचं तसंच होतं. एक विहीर 'रुसकी' होती, एक 'थोरली', एक 'चोरटी', कारण ती शेजारच्या बोअरनं रातोरात रिकामी व्हायची.

माणूस तसा कटकट्या होता, हेही सांगितलं पाहिजे. चहा नको, डबा एकट्यानं खायचा, पंखा बंद ठेवायचा कारण रजिस्टरची पानं उडतात. मी हेडफोन लावून बसले की समोर येऊन उभे राहायचे आणि मी काढेपर्यंत हलायचे नाहीत. 'डॅशबोर्ड' हा शब्द त्यांना मुळीच मानवला नाही. म्हणाले, "माझ्या स्कूटरला बी डॅशबोर्ड हाय. काटा चौदा वर्सं शून्यावर हाय. मंग मी काय जागचा हललो नाय व्हय?"

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर विहिरी बघायला गेले ते फर्दापूरच्या अलीकडं डोंगरात वसलेल्या एका वाडीवर. पंचवीस-तीस घरं, बहुतेक मेंढपाळांची. काही घरातले पुरुष आता वाळूजला नाहीतर चिकलठाण्याला कंपनीत रोजंदारीवर जाणारे. मार्च संपत आला होता आणि डोंगर भाजून निघाले होते. गाडीतून उतरताच मामांनी पहिला प्रश्न विचारला, "टँकर कवा आला व्हता?"

"काल सकाळी," एका बाईनं सांगितलं. ती गिरजाबाई. साठीची, काटक, विहिरीला लागूनच तिचं घर. टँकर आल्यावर गावातल्या रांगेवर तीच देखरेख ठेवायची.

आता हे मला शहरात कधी कळलं नसतं. वाडीत टाकी नव्हती. त्यामुळं टँकरवाला आपलं पाणी सरळ विहिरीत ओतून मोकळा व्हायचा, आणि लोक ते पोहऱ्यानं शेंदून काढायचे. म्हणजे विहीर स्वतः कोरडी ठणठणीत, पण टँकरच्या दुसऱ्या दिवशी मोजली तर पाणी चांगलं वर आलेलं दिसणार. मामांनी टेप सोडली, आकडा लिहिला, आणि शेऱ्यात लिहिलं: 'टँकर काल ओतला. पाणी उसनं.'

"आकडा सांगतो किती," ते मला म्हणाले. "शेरा सांगतो कुनाचं."

तेवढ्यात गिरजाबाई तांब्या घेऊन आली. आधी मला दिला. मी घटाघटा प्यायले. मग मामांपुढं धरला.

"घ्या मामा."

"पुढच्या पावसात."

"दरसाली असंच म्हनता. तुमचा पाऊस काय येतच नाय बगा." ती हसली आणि तांब्या घेऊन आत गेली. त्यांचा हा संवाद पाठ झालेला असावा, इतका तो सहज झाला.

मला ते उद्धटपणाचं वाटलं. उन्हातान्हात बाई पाणी देते आणि हा माणूस आपल्या पिशवीतली बाटली काढून कोमट पाणी पितो. परतताना मी तसं बोलून दाखवलं. मामांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाले, "पोरी, मोजनाऱ्यानं पिऊ नाय. ज्या गावचं पानी प्यालं, त्या गावाकडून बोलावं वाटतं. मंग पेन्सील झुकती. एक बोट झुकली तरी टँकर हिकडचा तिकडं जातो. त्या तिकडं बी कुनी बसलेलंच असतंय ना तांब्या घेऊन."

इतकी वर्षं विहिरींच्या काठावर उभा राहिलेला हा माणूस एकाही विहिरीचं पाणी प्यायला नव्हता.

डॅशबोर्डचं काम मी मन लावून केलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. पातळी वर असली तर हिरवा, खाली गेली तर लाल. पहिल्यांदा सगळा नकाशा रंगला तेव्हा जिल्ह्यातला सगळ्यांत गडद हिरवा ठिपका नेमका चिकलठाण्यात आला, आमच्या बिल्डिंगवर. मामांच्या आडव्या रेघेचं माझ्या प्रोग्रामनं शून्य केलं होतं. काठापासून पाणी शून्य खोल, म्हणजे विहीर तुडुंब. मामांना मी हसताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "बुजवलेली हीर सगळ्यात भरलेली. लई भारी मशीन हाय तुमचं."

मी चिडले आणि ती विहीर यादीतून काढून टाकली. मामांना सांगितलंही नाही. ते मात्र दर महिन्याला पार्किंगमध्ये येतच राहिले.

खरं भांडण झालं ते शेऱ्यावरून. शेकडो ओळींचे शेरे, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. 'कठड्याचा दगड कुणी नेला.' 'पारव्यांनी अंडी घातली, हाक मारली नाही.' 'शेजारच्या बोअरची मोटर चालू होती, तासाभरानं पुन्हा मोजावं.' याचा आलेख काढायचा कसा? मी मोबाइलवर भरायचा जो फॉर्म केला त्यात तीनच गोष्टी होत्या: विहीर, तारीख, आकडा. मामा तो फोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"शेरा कुटं हाय?"

"मामा, शेऱ्याला रंग देता येत नाही."

"मंग देऊ नका रंग. नुसता लिव्हा."

"कोण वाचणार?"

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. संचालकही माझ्याच बाजूचे होते. साहेब लोकांना सोपं पाहिजे, म्हणाले. मी जिंकले.

पुढच्या वर्षीचा एप्रिल आधीच्यापेक्षा वाईट होता. शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि आमच्या बिल्डिंगच्या फाटकावर 'चोवीस तास पाणी' असा फलक लटकत होता. डॅशबोर्डच्या उद्घाटनाच्या दोन दिवस आधी दुपारी मामांचा फोन आला. वाडीत रेंज नसते म्हणून ते टेकडीवरच्या देवळापर्यंत चढून गेले होते. धाप लागलेली ऐकू येत होती.

"पोरी, वाडीचा आकडा भरलाय. पर टँकर आजच ओतलाय. उसना हाय त्यो आकडा. तेवडं तुज्याकडून लिव्ह कुटंतरी."

"हो मामा, लिहिते," मी म्हटलं. स्लाइड बनवत होते. लिहिलं नाही.

उद्घाटन एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. पुढच्या रांगेत साहेब मंडळी, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मामा शेवटच्या रांगेत, खाकी पिशवी मांडीवर घेऊन. माऊस माझ्या हातात होता. संचालकांनी मला खूण केली आणि मी नकाशावर फर्दापूरचा भाग मोठा केला. ते म्हणाले, "ही वाडी बघा. मागच्या महिन्यात लाल होती, आता हिरवी. म्हणजे इथला टँकर आपल्याला जास्त गरजेच्या गावाला देता येईल. हा याचा फायदा."

मागून आवाज आला, "ते पानी उसनं हाय साहेब."

माना वळल्या. काहीजण हसले. संचालक म्हणाले, "मामा, प्रश्न शेवटी."

त्या क्षणी मला फोन आठवला. देऊळ, धाप, सगळं आठवलं. एक वाक्य बोलायचं होतं, मामा बरोबर आहेत, एवढंच. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. मी माऊस हलवला आणि पुढचं गाव उघडलं. मामा काही वेळ उभेच होते. मग खाली बसले. शेवटी प्रश्न विचारायला वेळच उरला नाही. हॉल रिकामा झाला तेव्हा ते टेबलांवरच्या अर्धवट प्यायलेल्या बाटल्या गोळा करून आपल्या कॅनमध्ये एक करत होते. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाले, "हाटेलच्या खिडकीतली झाडं वाळलीत."

दुसऱ्या दिवशी मी ठिपका लाल करायला गेले. संचालक म्हणाले, काल सगळ्यांसमोर हिरवा दाखवला आणि आज लाल केला तर लोक म्हणतील यंत्रच खोटं आहे. पुढच्या महिन्याच्या मोजणीत आपोआप होईल. मी ऐकलं. चावी माझ्याच हातात होती, एक ओळ बदलायला मला एक मिनिटही लागलं नसतं. तरी ऐकलं.

वाडीचा टँकर बंद झाला. मामा रजिस्टर घेऊन रोज कचेरीत जायला लागले. तिथला माणूस वाईट नव्हता, त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली. पण त्याच्या पडद्यावर ठिपका हिरवा होता. "मामा, आकडा तुम्हीच भरलाय ना?" त्यानं विचारलं.

"आकडा माझाच हाय," मामा म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. त्या एका वाक्यावर ते रोज हरून यायचे, औरंगपुऱ्यापर्यंत चालत, आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत पंखा बंद करून बसायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी गिरजाबाई विहिरीत उतरली. टँकरचं पाणी केव्हाच संपलं होतं, पण तळाच्या कपारीत थोडं झिरपायचं, ते वाटीनं खरवडून भरता येई. तरण्या बायका दोन कोसांवर पाण्याला गेल्या होत्या, घरी आजारी नातू होता. निम्म्यावर पायरीचा दगड सुटला. खाली पाणी असतं तर कदाचित वाचली असती. खाली कातळ होता.

तिसऱ्या दिवशी टँकर आला.

गिरजाबाईची बातमी कळली त्याच संध्याकाळी मी तो ठिपका लाल केला होता, कुणाला न विचारता. कुणी काही म्हणालं नाही. वाडीचं पाणी हिरवं का दिसलं याची चौकशी झाली आणि 'माहिती अपुरी' असा निष्कर्ष निघाला. माहिती अपुरी नव्हती. ती पुरती भरलेली होती, बारीक अक्षरात, मामांच्या रजिस्टरमध्ये.

गिरजाबाईच्या तेराव्याला मामा वाडीवर निघाले. मी म्हटलं, मीही येते. त्यांनी नको म्हटलं नाही. वाडीत कुणी आम्हाला दोष दिला नाही, लोकांना काही ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी टँकर येतो आणि जातो, पावसासारखा. मामांनी आधी विहिरीवर जाऊन टेप सोडली. हाक मारली नाही. आकडा घेतला आणि कठड्यावर बसून राहिले.

गिरजाबाईची सून तांब्या घेऊन आली. पदर सावरून म्हणाली, "तुमी पीत नाय ते ठाव हाय मामा. पर आत्याबाई दर खेपेला इचारायच्या, म्हून आनलं."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला. थांबून थांबून, पण शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. तांब्या परत दिला तेव्हा त्यांच्या बोटांचे खडूचे पांढरे ठसे त्यावर तसेच राहिले. मी तोंड फिरवून रडले. मला तिनं पाणी विचारलं तेव्हा मला ते घेता आलं नाही.

परत येताना गाडीत त्यांनी रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं. टेप त्यावर ठेवली, आणि खिसा उलटा करून खडूचे तुकडे ओंजळीत दिले. "मामा, मी शेऱ्याचा रकाना करते," मी म्हटलं. "आजच करते."

"कर," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर ते ऑफिसला आले नाहीत. गावी गेले, भावाच्या मेंढरांमागं. दोन वर्षांनी तिकडंच वारल्याचं कळलं. मधल्या काळात वॉचमननं एकदा विचारलं होतं, "वो बडे मियाँ आते नहीं अब?" मी नाही म्हटलं आणि स्कूटी हळू काढली.

डॅशबोर्ड अजून चालू आहे. कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं की आलेखाच्या आधी शेरा उघडतो. बुजवलेली विहीरही मी यादीत परत घातली. बाहेरगावचे लोक बघायला येतात, ही कल्पना फार चांगली आहे म्हणतात. कुणाची, असं विचारलं की मी सांगते, मला ती वेळेवर कळली नाही. त्यांना तो विनय वाटतो.

वाडीच्या ठिपक्याला मी त्या तेराव्याच्या दिवसापुरता रंग दिलेला नाही. त्यावर बोट ठेवलं की मामांची शेवटची ओळ उघडते. आकडा आहे. आणि पुढं शेरा:

'टँकर काल ओतला. पाणी उसनं. आज प्यालो. यापुढं माझा आकडा धरू नये.'